कूलरचा पाइप

रविवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय माझं. महिन्याभरापूर्वी समुद्री माशांची टाकी अख्खी रिकामी केली, दगड घासले, नवी वाळू, नवं खारं पाणी. आणि आज काचेवर पुन्हा तेच हिरवं शेवाळ! वाळू-मीठ देणाऱ्या दुकानदाराला फोनवर नको नको ते बोललो.

फोन ठेवून वळलो, तर बाबा कूलर भरायचा बोअरचा पाइप टाकीत सोडून उभे!

"काय करून राहिले बाबा?"

"उन्हानं पाणी उतरते ना गा. कूलर भरायच्या आधी रोज थोडं टाकतो."

रोज! आणि मला वाटायचं, झाकणामुळे पाणी आटत नाही. टाकी भरताना मी एकेक बादली आरओतून गाळून घेतली, आणि हे खतं मुरलेलं बोअरचं पाणी म्हणजे शेवाळाला खुराक! ओरडलो. फार ओरडलो. "तुम्हाले कोणी सांगितलं होतं?"

पाइप गुंडाळत ते म्हणाले, "तूच तं म्हणला होता ड्यूटीवर जाताना. पाणी कमी होऊ देऊ नका."

म्हटलं होतं. कोणतं पाणी टाकायचं, ते काहून नाही सांगितलं मी? आता कोणावर चिडू?

पाइप खुंटीला टांगून बाबा आत गेले. कूलर कोरडाच, गरम हवा फेकतोय. उठून भरायला हवा. पण तो पाइप हातात घ्यायची लाज वाटतेय.