आईचे एक्केचाळीस निरोप

तांपेरे, २७ ऑक्टोबर

ती. हेल्काताईस,
धाकट्या इल्मोचा सा. न. वि. वि.

कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. मेलसुद्धा आता कंपनीकडून काढून घरच्या कॉम्प्युटरवरून चालवायला घेतलीय, आणि समोरच्यांच्या मेलपेट्या माझं पत्र थेट कचऱ्यात टाकतात. तीन आठवडे हेच चाललंय. एक चालू केलं की दुसरं बसतं. कंटाळलोय गं.

पण आपले फोटो आणि आईने फोनवर ठेवलेले ते एक्केचाळीस निरोप परक्या कंपनीच्या दारात राहू द्यायचे नाहीत, एवढं नक्की. सगळं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवलं. तो फार घुरघुरतो, म्हणून सौनात वरच्या फळीवर ठेवलाय. स्की, खोकी सगळं तिथेच असतं. फ्लॅटमधली सौना तापवून हल्ली वाफ घेत बसतंय कोण!

बाबा सहा तारखेला कायमचे राहायला येतायत. आई गेल्यापासून त्यांना रोज एक निरोप ऐकायचा असतो, तो आता घरातूनच ऐकवीन. हे सगळं आधी जिथे होतं, ते तुझ्या नावावरचं जुनं खातं बंद करून टाक.

लोभ आहेच, चार शिव्या घालून वाढवावा.
इल्मो

ओउलू, १ नोव्हेंबर

चि. इल्मोस,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, सौनात? आई असती तर तुलाच त्या फळीवर बसवलं असतं.

खातं बंद केलं. खात्री आहे का, असं कंपनीने तीनदा विचारलं. तुझ्या भरवशावर तिन्ही वेळा हो म्हटलं. दुसरी कॉपी आहे ना कुठे? बाबांकडे लक्ष ठेव. ते बोलत नाहीत, गुपचूप कामं करतात. जेवत जा वेळेवर.

माया आहे, ती तशीच समजावी.
ताई

तांपेरे, १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

शनिवारी कामावरून आलो, तर बाबांनी दारातच हातात टॉवेल दिला. पोरगं दमलंय, आज शनिवार, सौनाचा दिवस, म्हणून त्यांनी सौना तापवायचं बाहेरचं बटण फिरवून ठेवलं होतं. दोन तास आधी. आत डोकावलेच नाहीत. शनिवारी सौनात काय ठेवलंय ते बघावं लागतं का, म्हणाले.

यंत्र गेलं. दुकानात दाखवलं, आतलं काही निघणार नाही म्हणाले. दुसरी कॉपी नाही गं, ताई. रोज उद्यावर ढकलत राहिलो.

बाबांना वाटतं, नुसता कॉम्प्युटर गेला. नवा घेऊन देतो म्हणतात. आज सकाळी त्यांनी आईचा निरोप लावायला सांगितलं. उद्या लावतो म्हणालो. काय सांगू त्यांना?

तुझा,
इल्मो

ओउलू, १५ नोव्हेंबर

चि. इल्मोस,
आशीर्वादच. ओरडणार नाही.

पत्र वाचून खूप रडले. मग तुझा भयंकर राग आला. आता तोही उरला नाही, नुसता थकवा आलाय.

बाबांना खरं कळता कामा नये. पोराचा शीण जावा म्हणून काहीतरी करायला गेले आणि बायकोचा आवाज घालवून बसले, हे ओझं या वयात त्यांच्या डोक्यावर नको. सांग, निरोप त्या यंत्रात नव्हतेच. ताईच्या खात्यात होते, आणि तिने घाईघाईत ते बंद केलं. अर्धं तरी खरंच आहे ते.

बाबा रागावून मला फोन करायचे बंद होतील. होऊ देत. रोज एका टेबलाशी बसून जेवायचंय ते तुम्हा दोघांना.

लोभ माझ्याकडून आटलेला नाही.
ताई