खुर्चीचा ब्रेक

१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

इतके महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, माफ कर. तू पुन्हा तेच विचारलंस, "आईच्या चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावायला मी विसरलो कसा?"

तू विसरला नव्हतास. तू शाल आणायला आत गेलास, तेव्हा आईच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. मी ब्रेक काढून खुर्ची वळवली आणि फोन वाजला म्हणून तशीच निघून गेले. खुर्ची उतारावरून सुटली. दफनाच्या वेळी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "वेंधळ्या, आईला खाल्लंस!" तू मान खाली घातलीस. मी तुला पाणी आणून दिलं.

गेल्या महिन्यात पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, प्रभूनं ओझं उतरवलंय, आता हमालासारखं परत उचलू नका. फक्त भावाला सांगा." मी हो म्हटलं. तेव्हापासून मला गाढ झोप लागते.

तू क्षमा करशील, याची मला खात्री आहे. पण मग तुझ्याकडे बघावं लागेल. देवाकडे बघावं लागत नाही.

हेही पत्र आधीच्यांसारखं फाडेन.

तुझी,
धाकटी

उद्या: प्रार्थनासभेत दादासाठी प्रार्थना मागायची, त्याला स्वतःला क्षमा करता यावी म्हणून.