अण्णांची जीप कुणी चालवायची

प्रिय लक्ष्मणदादा,

'प्रिय' लिहिलंय म्हणून लगेच खूश होऊ नको. पत्र असंच सुरू करतात, एवढंच शाळेतलं माझ्या ध्यानात राहिलंय. भावकीच्या ग्रूपवर टाकलं असतं तर नानासाहेबकाकांनी खाली दोन जोडलेले हात टाकले असते अन् विषय संपला असता. फोन केला की तू मीटिंगमध्ये. म्हणून कागद घेतला. पाकिटावर तुझ्या कंपनीचा पत्ता घातलाय, घरी आलं तर वहिनी आधी वाचतील. वाचल्या तरी काय बिघडत नाय म्हणा, त्यांच्याबद्दल वाईट काहीच लिहिलेलं नाय. हे सगळं तुझ्याबद्दल हाय.

अण्णांना जाऊन दोन महिने होत आले. त्यांना आपल्या जीपमधून मसणवाट्यात जायचं होतं, ती मी चालवायची होती, अन् तू मला चालवू दिली नाय. एवढीच गोष्ट हाय. पण तुझ्या डोक्यात ती 'अंबीनं बापाच्या मौतीत तमाशा केला' अशी बसलीय, अन् पुण्यात कुणाकुणाला तू तशीच सांगितलीस ते बी माझ्या कानावर आलंय. म्हणून पहिल्यापासून सांगते.

तू पुण्याला गेलास, अन् वर्षाच्या आत अण्णांनी काळी-पिवळी बंद केली. शेंद्र्याहून शहरात सीटं भरून नेण्यात आता काही राहिलं नव्हतं, सगळ्या कंपन्यांच्या बस झाल्या. त्यांनी जीपचा पिवळा पट्टा खरवडून काढला, तिला हिरवा रंग मारला, अन् दर रविवारी क्रांती चौकामागं सांडूच्या गॅरेजवर नेऊन उभी करायला लागले. तीच जीप, दादा, जिच्यातनं तू शाळेच्या आधीच्या चौकातच उतरायचास, पोरांनी बघू नये म्हणून. अण्णांना कळायचं. ते बी तिथंच थांबवायचे, म्हणायचे पुढं गर्दी हाय, इथंच उतर.

गॅरेजवर व्यंकटकाका त्यांची जुनी पद्मिनी मोटार घेऊन यायचे. टेलिफोन हापिसातनं रिटायर झालेले, कडक इस्त्रीची पांढरी पँट घालून गॅरेजवर येणारा जगात तेवढा एकच माणूस. त्यांचं अन् अण्णांचं कसं जमलं देव जाणे. बाकीचे लोक गॅरेजवर गाडी घ्यायचं-विकायचं बोलतात, हे दोघं मरायचं बोलायचे. म्हणजे मेल्यावर कोणत्या गाडीतनं जायचं. काकांचं ठरलेलं, मी माझ्या पद्मिनीतच जाणार. अण्णा म्हणायचे, व्यंकटराव, पाय कुठं ठेवाल? मागचं सीट काढलं तरी गुडघे खिडकीतनं बाहेर येतेत. काका म्हणायचे, मग टपावर कॅरिअर लावा आणि गादी बांधतात तसं मला बांधा, दोन गाठी जास्त मारा. अन् सांडू गाडीखालनंच वरडायचा, चाचा, गाडी कोणती बी घ्या, पण आधी तिचं फिटनेस काढून ठेवा, तुमचं तर कवाच संपलंय.

एका रविवारी अण्णांनी माप घ्यायचं काढलं. जीपचे मागचे बाक उचलले, सतरंजी टाकली अन् आडवे झाले. पाय फळीच्या बाहेर. मला कुठं राहवतंय? टेम्पोबाहेर निघालेल्या सळ्यांना बांधतात तसं लाल फडकं मी त्यांच्या अंगठ्याला बांधलं. सांडूनं धुतलेला पंचा अंगावर टाकला, मी कोपऱ्यावरनं हार आणला, अन् गाडी तशीच क्रांती चौकातनं काढली. सिग्नलला एका ट्रॅफिक हवालदारानं टोपी काढली. अण्णांनी पडल्या पडल्या त्याला हात जोडले अन् म्हणले, साहेब, पीयूसी नाय आपल्याकडं, ह्या बारीला माफ करा. तो बिचारा मागं सरकत सरकत कुणाच्या तरी स्कुटीवर जाऊन बसला. घरी येईपर्यंत आईला कुणीतरी सांगितलेलं. दारात बादली घेऊन उभी. मौतीहून आलात ना, म्हणली, मग अंघोळ केल्याबिगर घरात पाय ठेवायचा नाय. ऐन थंडीत दोघांवर गार पाणी ओतलं, अन् अण्णांच्या हातावर लिंबाचा पाला ठेवला, चावा म्हणून. अण्णांनी गुमान चावला.

त्यानंतर त्यांनी मला एक नवंच शिकवायला घेतलं. गाडी पळवणं मला येतच होतं, कॅन्टीनचा टेम्पो मी रोज कंपनीत नेतेच. त्यांनी शिकवलं हळू चालवणं. माणसाच्या चालीनं. पुढं अण्णा पाठीमागं हात बांधून चालायचे, त्यांच्या मागं मी जीप घेऊन, अन् जीपमध्ये व्यंकटकाका भरलेला चहाचा कप धरून बसायचे. जरा धक्का बसला की चहा पँटवर. ती जीप तुला कुठं माहीत हाय? पहिल्या गिअरला डबल क्लच लागतो, दुसरा गिअर गुडघ्यानं दाबून धरला नाय तर सटकतो, ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागतच नाय. काकांच्या किती पँटी गेल्या त्याला गणती नाय, पण शेवटी चहा हलायचा बंद झाला. मी म्हणले, अण्णा, वरातीत लावायचीय का गाडी? म्हणले, व्हय, वरातच समज. मला वाटलं माझ्या लग्नाचं मनात घेतलंय, म्हणून आठ दिवस मी त्यांच्याशी फुगून बसले.

मग तो दिवस आला. जीपचं सगळ्या भावकीला ठाऊक होतं, म्हणून नानासाहेबकाकांनी खळखळ केली पण नाय म्हणले नाहीत. आपलं घर हायवेच्या अलीकडं अन् मसणवाटा पलीकडं, आता तसं बी कुणी खांद्यावर नेत नाय. तिरडी मागं ठेवली. मी चालवायला चढले तर नानासाहेबकाकांनी दार धरलं. गाडी चालंल, पोरगी नाय, म्हणले. बाईमाणूस मसणवाट्यात येत नसतं, हे काय आपण आज ठरवायलोत का? उतरवलं मला. मग व्यंकटकाकांना म्हणले, तुम्ही चालवा. त्यांनी हात वर करून दाखवला, मनगटाला ही जाड पट्टी. म्हणले, मला नाही हो जमणार, हात मुरगळलाय. माझं डोकंच फिरलं. जन्मभर गाड्या फिरवल्या अन् आजच ह्यांचा हात मुरगळला? सांडू तर मातीला आलाच नव्हता. भावकीतल्या पोरांनी जीपकडं बघून माना हलवल्या. मग तू बसलास.

पुण्यात तुझी ती बिनक्लचची गाडी. तू गिअर टाकला तेव्हा असा आवाज आला की ते ऐकून अण्णा उठून बसतील असं वाटलं. पहिल्या धक्क्याला गाडी बंद पडली. दुसऱ्या धक्क्याला तिरडी पुढं सरकली अन् अण्णांचं डोकं पुढच्या सीटच्या लोखंडावर आपटलं. मी बघितलं, आईनं बघितलं, तू आरशात बघितलं. मी दाराजवळ आले अन् हळूच म्हणले, दादा, सरक. एवढंच. वरडले नाय, छाती बडवली नाय. तू ज्याला तमाशा म्हणतोस तो हे दोन शब्द. तू स्टेअरिंग धरून बसून राहिलास. तुझे डोळे मला म्हणायलते, घे बाई, चालव. खोटं सांगू नको, मी तुझ्यासंगं वाढलेय, मला तुझे डोळे कळतेत. मग तू नानासाहेबकाकांकडं बघितलंस. अन् खिशातनं फोन काढलास.

फोन केला की येतो आता वैकुंठरथ. फुकट. पांढरा टेम्पो, दोन्ही बाजूंनी पुढारी हात जोडून हसायलाय, वर भोंग्यावर भजन. अण्णांना उचलून त्यात घातलं. बाहेरनं दिसत होता फक्त तो पुढारी, बड्डेला निघाल्यासारखा. सायलेन्सर फाटलेला. अण्णांनी अशी गाडी दारासमोरनं गेली तरी ड्रायव्हरला थांबवून सुनावलं असतं. मी पुढं जायला निघाले तर आईनं माझं मनगट धरलं. अंबे, आत चल, म्हणली. तिनं बी. तुम्ही सगळे गेलात अन् आम्ही बायका घर धुवायला लागलो.

दहावं झाल्यावर व्यंकटकाका आले. पट्टी हाताला नव्हती, खिशात होती. ती काढून ओट्यावर ठेवली अन् लहान लेकरासारखे रडायला लागले. हाताला काहीच झालं नव्हतं, दादा. अण्णांनी वर्षभर आधी त्यांच्याकडनं शपथ घेतलेली, त्या दिवशी पट्टी बांधून यायचं. सांडूला सांगून ठेवलेलं, माझ्या मातीला येऊ नको, दुसऱ्या दिवशी ये. म्हणजे जीप चालवणारं राहिलं कोण? मी. अण्णा काकांना म्हणलते, व्यंकटराव, माझी पोरगी पायी आली तर हे लोक तिला रस्त्यातनंच माघारी घालवतील. पण ड्रायव्हरला कोण म्हणतं खाली उतर? सगळी मौत त्याच्या मागं असती.

तेव्हा मला कळलं. गाडीचं येड नव्हतंच ते. म्हणजे होतं, पण तेवढंच नव्हतं. चहाचे कप, पँटी, माणसाच्या चालीनं चालवणं, सगळं ह्यासाठी. मला वाटायचं सगळ्यांची फजिती करणारी मीच, पण बाप माझ्याहून पक्का निघाला, मेल्यावर करायची फजिती जिवंतपणी मांडून गेला. चुकलं एकच. ड्रायव्हर मिळाला नाय की माणसं अडतील, असं त्यांनी धरलं होतं. मौतीची गाडी आता बोलावली की फुकट दारात येते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाय. अन् ती तू बोलावशील, हे तर त्यांनी धरलंच नव्हतं. काकांनी विचारलेलं त्यांना, लक्ष्मण आडवा आला तर? अण्णा म्हणले, तो कामून आडवा येईल, त्याची बहीण हाय.

नानासाहेबकाका रोज संध्याकाळी येतेत. चहा पितेत, अन् जाताना आईला विचारतेत, वहिनी, ही जीप कवा काढायची? भंगारवाला माझ्या ओळखीचा हाय. आई कप उचलून आत जाते. मी दोन-चार दिवसांआड जीप चालू करते, बॅटरी उतरू नये म्हणून. परवा चालू केली तर आई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली अन् पुढच्या सीटवर येऊन बसली. सवत म्हणायची ती त्या जीपला, पुढं कधी बसलेली मला तरी आठवत नाय. म्हणली, चल, तुझ्या बापाला कुठं जाळलं ते दाखव. दादा, तिनं ती जागा कधी बघितलीच नव्हती. सासू गेली, सासरा गेला, दीर गेला, दरवेळी ही मागं घर धूत राहिली. मला तरी कुठं माहीत होती? विचारत विचारत गेलो. ऐन दुपार, कुणी नव्हतं. पत्र्याचं शेड, खाली लोखंडी जाळी, कोपऱ्यात फुटकी मडकी, पलीकडं शेळ्या चरायलत्या. आई सगळीकडनं फिरून बघून आली. म्हणली, एवढंच व्हय?

परत येताना हायवे लागला. मग म्हणली, मला बी ह्याच्यातच आण, अन् तूच चालव. त्या दिवशी माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाय, वर तुझंच मनगट धरलं. माझ्या दिवशी तर मला बोलायाच यायचं नाय, म्हणून आत्ता सांगते, लक्ष्मणला आजच कळव. तर कळवायलेय. आई ठणठणीत हाय, घाबरून पळत येऊ नको. पण तिचं ठरलंय. आग तूच दे, ते तुझं हाय, मी मागत नाय. फक्त फोन काढायचा नाय. राग आला असंल तर आत्ता ये अन् माझ्याशी पोटभर भांड, तेव्हा दारात नको. मी आईला विचारलं, अन् दादानं ऐकलं नाय तर? म्हणली, ऐकंल. त्याला म्हणावं, तू मागं बस, माझं डोकं मांडीवर घे. रस्त्याला खड्डे लई झालेत.

तुझीच, तुला दुसरी कुणी बहीण नाय म्हणून,
अंबी