माय, ती उसण नव्हती

माय, आधी चांगली बातमी सांगतो. तुझ्या पोराचं हृदय ठणठणीत आहे. बीडच्या दवाखान्यात माझा ईसीजी इतक्यांदा निघालाय की आता मशीनच मला ओळखत असेल. दुखत काही नव्हतं. म्हणजे दुखत होतं, पण कागदावर उमटेल असं नव्हतं. तिथं ईसीजी काढायला एक मुलगी आहे, मी तिच्यासाठी जात होतो. दुसऱ्या वर्षाला सरांची कॉलर धरली आणि कॉलेज सुटलं, तेव्हापासून धारूर-बीड जीप चालवतो. सीट, म्हणजे माणसं, बीडला उतरवली की मी मोकळा. मग छातीवर हात दाबून थेट आत. ती तोंड वर न करता म्हणायची, "भाऊ, शर्ट काढा." या 'भाऊ'नं माझ्या आत जे व्हायचं ना, ते खरं मशीनमध्ये यायला पाहिजे होतं.

मागच्या खेपेला ती भडकलीच. "तुमाला काहीएक झालेलं न्हाई. तुमच्या भागातनं सगळे पुरुषच का म्हणून येतात? ढेकर अडकला तरी चौघं धरून आणतात. बायका कुठं असतात तुमच्या?" मी आपलं सहज बोलून गेलो, "बायकांना कुठं हार्टचं होतं?" झालं. तिनं हातातली वायर खाली ठेवली. म्हणाली, "होतं. कित्येकदा छातीत न्हाई, पाठीत दुखतं, जबड्यात दुखतं, घाम सुटतो, मळमळतं. घरचे पित्त म्हणून लिंबू पाजतात आणि बाई घरातच जाते. पुण्यातली निदान रिक्षात बसून दवाखाना तरी गाठते. तुमच्याकडं घाट उतरेस्तोवर सगळं आटोपलेलं असतं." मी शर्ट हातात धरून उभा. एरवी मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही, पण त्या दिवशी शर्ट उलटा चढवून बाहेर आलो. मला तुझी पाठ दिसत होती.

तू चुलीपुढं पालथी पडलीयस. मी पाचवीत आहे. जन्मताना आधी पाय बाहेर आले म्हणून मी पायाळू, म्हणजे गावाचा बिनपगारी डॉक्टर. कुणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणं येतं, मी पाठीवर पाय लावायचा की माणूस बरा. सरपंचाच्या पाठीवर सगळ्यांदेखत पाय देण्याचा मान गावात दुसऱ्या कुणाला नाही. तुझं पोलकं घामानं चिंब झालंय आणि तू म्हणतेस, "ये रं राजा, लई उसण भरलीय, दे लाथ." मी अदबीनं पाय टेकवतो, तर तू खेकसतेस, "लाथ म्हणले मी! पायानं गोंजारतो काय?" मग मी मन लावून हाणतो. तू हसतेस, "गेली बघ," म्हणतेस आणि उठून उरलेल्या भाकरी थापतेस. दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस. पित्त डोक्यात गेलं, असं लोक बोलत होते.

त्याच साली दादांच्या, तुझ्या नवऱ्याच्या, छातीत कळ आलती. हुरडा अंगावर आला होता, दुसरं काही नाही. पण दोन जीपा भरून माणसं बीडला गेली. निघाला गॅस. येताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर सगळ्यांनी मटण खाल्लं, पेशंटनं सगळ्यात जास्त. तुझ्या वेळी घरात एक लिंबू होतं, ते पिळलं.

आता चार दिवसांमागचं सांगतो. तू गेल्यावर मला जिनं वाढवलं ती काकू सकाळी जबडा धरून बसली होती. कपाळावर घाम, तोंड पांढरंफटक. मला बघून म्हणते, "बरं झालं आलास. पाठीला जरा पाय लाव रं." माझं डोकंच फिरलं. दादा ओसरीवरनं म्हणाले, "पित्त हाय ते. लिंबू द्या." मी लिंबू उकिरड्यावर भिरकावलं, तव्याखालचा जाळ ओढला आणि काकूला उचललं. ती किंचाळते, "आरं मेल्या, भाकरी ऱ्हायल्यात! आन् हे फाटकं लुगडं घालून दवाखान्यात येऊ व्हय?" जीपमध्येही तोंड सुरूच. "रिकामी गाडी कशापायी नेतो? मांजरसुंब्याला सीट हायत, घे की." मी थांबलो नाही तर मला दिवाळखोर म्हणाली. मांजरसुंबा मागं पडलं आणि ती गप्प झाली. काकू गप्प! माय, एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मी तिला शिव्या घातल्या, मुद्दाम, ती उलटून बोलावी म्हणून. ती बोलली नाही.

त्या मुलीनं माझ्याकडं बघितलंही नाही. वायरी लावल्या, कागद बाहेर आला, आणि ती कागद घेऊन पळाली. तिला पळताना मी पहिल्यांदाच बघितलं. लागलीच काकूला आत नेऊन हृदयाच्या शिरेत नळी घातली. डॉक्टर म्हणाले, घरी बसवली असती तर संध्याकाळ दिसली नसती. संध्याकाळी दादा आले, टोपी काढून बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "बायांना बी होतं व्हय रं?" मी त्यांच्यावर ओरडणारच होतो. पण त्यांचे डोळे बघितले आणि चहा आणायला गेलो. काकू आता शुद्धीवर आहे आणि वॉर्डात सगळ्यांना सांगतीय, साधी उसण होती, या कार्ट्यानं पाय लावला असता तर एवढा तमाशा झाला नसता.

एक तेवढं राहिलं. पळत आत नेताना त्या मुलीनं विचारलं, "पेशंट तुमच्या कोण लागतात?" काकू म्हटलं तर हे लोक सावकाश घेतील असं मला वाटलं, म्हणून मी म्हणालो, "आई." आता ती रोज मला थांबवून विचारते, "कशीय तुमची आई?" आणि मी म्हणतो, "आई बरीय." खरं सांगायला पाहिजे, कळतं मला. पण माय, हे वाक्य बोलून लई वर्षं झाली होती. अजून दोन-चार दिवस बोलून घेतो.