बहात्तर तासांची मुदत

३ ऑगस्ट, सोमवार

नवी नोकरी, नवं घर, आणि दोन्ही मनासारखं! पंप बनवणाऱ्या या कारखान्याचे सगळे आराखडे ज्या सर्व्हरवर असतात, तो आजपासून माझ्या ताब्यात. क्वार्टर आवारातच आहे. ताईने आल्या आल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आपली खुर्ची टाकली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. कुणाकडे कधी काही मागायचं नाही, हा तिचा जन्माचा ताठा. आजही हमालांच्या बरोबरीने ट्रंका ओढत होती.

गेटचे पास सर्व्हरवरूनच निघतात, म्हणून घरच्यांचीही नावं त्याच्या यादीत घालावी लागतात. ताईचं मीच घातलं.

५ ऑगस्ट, बुधवार

लोक आराखडा उघडून ठेवतात आणि विसरतात. मग दुसऱ्याला तो मिळत नाही. हेडक्लार्क म्हणाले, मॅडम, एक फाइल तर माझ्या लग्नाच्या आधीपासून उघडी आहे, तिला आता नातवंडं झाली असतील. खोलीभर हशा. फक्त खिडकीजवळचा ड्राफ्ट्समन हसला नाही. त्याला सगळे मुनी म्हणतात. पाण्याची बाटली, रबर, पट्टी, सगळं घरून आणतो, आराखडेही अजून कागदावरच काढतो.

माझ्या आधीच्या माणसाने सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर चिठ्ठी चिकटवली होती : ‘काळमर्यादा शून्य. हात लावू नये.’ शून्य म्हणजे जोडणी कधीच तुटायची नाही. मला हा निव्वळ आळस वाटला. घाई तर करत नाही ना, असं दोनदा स्वतःला विचारलं. साहेबांनाही विचारलं, ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. अकरा वाजता यादीतल्या सरसकट सगळ्यांना मुदत लावली : बहात्तर तास काहीच मागितलं नाही, तर जोडणी तोडावी.

६ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी गंमत झाली. ताई चक्क म्हणाली, नेढं दिसत नाही गं, सुई ओवून दे. मी घड्याळ पाहून सांगितलं, सहा वाजून दहा मिनिटं, इतिहासात नोंद करते. तिने पाठीत धपाटा घातला.

८ ऑगस्ट, शनिवार

अकरानंतर मुनीच्या टेबलाच्या जागी झेरॉक्सचं मशीन होतं. हेडक्लार्क म्हणाले, ते पहिल्यापासून तिथेच आहे. मुनी कोण? पहिल्याच आठवड्यात डोक्यावर परिणाम झाला की काय, मॅडम?

मलाही त्याचा चेहरा आता नीट आठवत नाही, पण माझ्या रोजनिशीत मुनी आहे. यादीतही त्याची एक ओळ आहे : मुदत संपली, जोडणी तोडली.

त्याखालीच ताईचं नाव. तिने उभ्या जन्मात संगणकाला हात लावलेला नाही. पुढे लिहिलंय : शेवटची मागणी, गुरुवार, सायंकाळी ६.१०.

सुई.

तत्काळ मुदत शून्य केली. उत्तर आलं : बदल फक्त नव्या जोडण्यांना लागू, जुन्यांसाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा. साडेअकराला साहेबांकडे परवानगी मागितली. किल्ली त्यांच्याकडे. म्हणाले, तुमच्या एका वहिमापायी दोनशे माणसांचं काम थांबवू? महिनाअखेरीस बघू.

घरी येऊन ताईला म्हटलं, काहीतरी माग. ती म्हणाली, मला काय हवंय, सगळं आहे की. गळ घातली तेव्हा हसत म्हणाली, बरं बाई, पाणी दे.

लॅपटॉपवर पाहिलं. वेळ हलली नाही. तिला तहान नव्हती.

९ ऑगस्ट, रविवार

दुपारी दोन. तिचा चष्मा लपवला. माझ्या पर्समध्ये आहे. आता तरी मागेल.

साडेतीन. भिंत चाचपत शोधते आहे. ओट्यावर, उशीखाली. गुडघा आपटला. मी समोर बसलेय, तरी विचारत नाही — मी इतकी नीच कधीपासून झाले?

पाच. सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाली, अंग तापलंय तुझं, पड जरा.

५.५५. ताई, माग ना गं. काहीही —

६.०८. म्हणते, तू सुखात आहेस ना, मग मला आणखी काय —

१० ऑगस्ट, सोमवार

एकटीला दोन खोल्या जास्तच होतात. खिडकीशी रिकामी खुर्ची कशाला ठेवलीय, कळत नाही. पर्समध्ये चष्मा सापडला. माझ्या नंबरचा नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी ११.१०. मागची पानं वाचली. अक्षर माझंच. ही ताई कोण?

यादीत माझ्या नावापुढे : शेवटची मागणी, शनिवार, ११.३०. म्हणजे तिची जोडणी तुटली, तशा तिच्यापुढे केलेल्या विनवण्याही पुसल्या गेल्या. साहेब दौऱ्यावर. किल्ली त्यांच्याकडे.

११.१८. शिपायाकडे पाणी मागितलं. प्यायले. वेळ तीच.

११.२४. हेडक्लार्ककडे पेन मागितलं. हातात एक असताना — तेही हसले. वेळ तीच.

११.२८. खरंच हवं असलेलं मागायला हवं. तसं एकच आहे. पण कुणाकडे मागू, काय नाव घेऊन — हा चष्मा जिचा आहे ती मला परत