बोंबलाच्या डब्यातला दार्जिलिंग

वेसावे,
११ ऑगस्ट १९८५

ती. स्व. दादास,
चंपाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं चहाचं पार्सल पोचलं आणि त्याची वाटही लागली. दोन्ही बातम्या एकाच कार्डात बसेनात, म्हणून हे पाकीट.

सिलिगुडीच्या पार्सल ऑफिसात बसून तू माझ्यासाठी दार्जिलिंग, आसाम आणि डुआर्स गोळा केलास, कुन्नूरच्या मित्राकडून निलगिरीसुद्धा मागवलास. चार कापडी पुरचुंड्या, प्रत्येकीवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. मी कामावर होते, आईने पार्सल उघडलं. पावसाळी हवेत पत्ती सर्दू नये म्हणून तिने त्या घरातल्या सगळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. तो डबा सुक्या बोंबलांचा! चार दिवसांनी उघडला तर चारही चहा बोंबील झालेले. चहा कुठलाही वास ओढून घेतो, हे तिला सांगायला मीच विसरले.

तुला ठाऊकच आहे, ३१ तारखेला आमच्या अंधेरीच्या कारखान्यात परीक्षा आहे. चहा चाखणाऱ्या साहेबांना मदतनीस हवा आहे. याच चार मुलखांतल्या चहाचे पाच कप समोर ठेवणार, कुठला कुठल्या मुलखाचा ते ओळखायचं. जमलं तर चाखायच्या खोलीत कायमची जागा, नाही तर जन्मभर पाकिटं भरत बसायचं. मला ती जागा हवी आहे रे, फार हवी आहे. आता सराव कशावर करू?

रागाच्या भरात मी आईला म्हटलं, की तुझ्या मासळीने माझं वाटोळं केलं. तेव्हापासून मलाच जेवण जात नाही.

लोभ आहेच, तो या रडक्या पत्रामुळे पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चंपा

वेसावे,
१७ ऑगस्ट १९८५

चि. खंडूस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे शेजारची प्रेमा लिहिते आहे. ती चंपाच्याच कारखान्यात आहे, पण पोटात ठेवणारी आहे.

चंपाने तुला रडगाणं कळवलंच असेल. सगळी सुकी मासळी मी पलीकडच्या कृष्णाबाईच्या माळ्यावर नेऊन टाकली. कोळ्याच्या घरात मासळीचा वास नाही, लोक विचारतात कोण आजारी आहे. पोरगी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा चमच्याने फुर्र करून ओढते आणि मोरीत थुंकते. लहानपणी फुरका मारला म्हणून हिला मी धपाटे घातले होते, ते फुकट गेले.

मासळी हलवली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तिला समोर बसवलं. डोळे मिटून तुझ्या चारही पुरचुंड्या हुंगल्या आणि पार्सल उघडताना पोस्टमनने चिठ्ठ्या वाचून दाखवल्या तेव्हा आलेले वास आठवून एकेक ओळखून दिली. चिठ्ठ्या तिने ताडून पाहिल्या, चारही बरोबर. बोंबील मढचा की उत्तनचा हे मी आयुष्यभर नाकाने सांगत आले, तिथे तुझा चहा काय मोठा! तळहातावर घ्यायचं, तोंडाची वाफ द्यायची, वरचा वास सोडायचा आणि खालचा धरायचा. आता रोज तोच सराव चालू आहे.

एक गोष्ट तिला कळवू नकोस. कारखान्यात तिने सांगितलं आहे, की आई शिवणकाम करते. मला प्रेमाकडून कळलं. राग आला नाही असं म्हणणार नाही, आला, आणि वाईटही वाटलं. सुईत दोरा ओवता येत नाही मला. पण परीक्षा तोंडावर आहे, पोरीला लाजवायचं नाही.

तुझ्या चहाचं एक पानही फेकलेलं नाही. सरावातून उरतो तो मी पिते. वास येतो, पण लेकाने पाठवलेला आहे.

अंगाला तेल लावत जा, आणि आईला विसरू नकोस.

तुझी आई,
सोनूबाई
(प्रेमाचाही नमस्कार. बोंबील चहा मीही प्यायले. पुन्हा नाही.)

वेसावे,
२ सप्टेंबर १९८५

ती. स्व. दादास,
चंपाचा शि. सा. न. वि. वि.

दादा, झाली रे निवड! एकदम झकास!

आदल्या दिवशी नारळी पुनव होती, नारळ वाहताना मी दर्याला स्वतःसाठी मागणं मागितलं. परीक्षेला आम्ही सहाजण. गोदामातला गुणाजी शकुनाला म्हणून कानात अत्तराचा फाया घालून आला. साहेबांनी त्याला बाहेर काढला, पण खोलीभर हिना दरवळत राहिला. सगळे गोंधळले. मी मनात म्हटलं, बोंबलापुढे हा हिना काय! वरचा वास सोडला आणि खालचा धरला. पाचातले चार बरोबर आले. डुआर्सला तेवढं आसाम म्हटलं.

साहेबांनी विचारलं, हे हुंगणं शिकलीस कुठे. दादा, मी दोन वर्षांपूर्वी तिथे खोटं सांगितलं होतं, की माझी आई शिवणकाम करते. बायका माझ्या डब्याला नाक मुरडायच्या, म्हणून. आता सगळे ऐकत होते, तरी सांगितलं की आईकडून शिकले, माझी आई सुकी मासळी विकते. साहेब म्हणाले, की आईंना एकदा घेऊन ये, त्यांच्यापुढे दहा कप मांडतो.

आता तिला कुठल्या तोंडाने नेऊ? तिथे कुणी शिवणकामाचं बोललं तर? आईला यातलं काही कळवू नकोस, तुला माझी शपथ.

असाच लोभ ठेव, आणि तोंड बंद ठेव.

तुझी,
चंपा

सिलिगुडी,
११ सप्टेंबर १९८५

ती. आईस शि. सा. न., चि. चंपीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोघींना मिळून एकच आहे. प्रेमाने मोठ्याने वाचावं.

तुम्ही एका खोलीत राहता, एका ताटात जेवता, आणि एकमेकींपासून लपवायची गोष्ट दीड हजार मैलांवर माझ्याकडे पाठवता. गोष्टही तीच! माझ्याच्याने हे पार्सल सांभाळवत नाही. म्हणून आईचं १७ तारखेचं पत्र आणि चंपीचं २ तारखेचं, दोन्ही सोबत घातली आहेत. चंपीने आईचं वाचावं, आईने चंपीचं ऐकावं. शपथ मोडली, त्याचं पाप माझ्या डोक्यावर.

नवा दार्जिलिंग वेगळा येतो आहे, यावेळी डब्याचं झाकण झाळून घेतलं आहे. साहेबांकडे जाण्याआधी तो दोघींनी मिळून प्यावा. आईने खुशाल दूध-साखर घालावी. बोंबीलही माळ्यावरून घरी आणा, दिवाळीला मी येतो आहे.

आता माझ्याकडे कुणाचंच गुपित उरलेलं नाही. लोभ मात्र उरू द्या.

तुमचा,
खंडू