नो ड्यूजची पहिली सही

३ मे, सकाळी ६.१०
आजपासून पहाटे उठणार म्हणजे उठणार. ३१ला प्रबंध सबमिट, मग एम.एस्सी. खिशात. २ जूनला घरी, ३ला आमच्या गावच्या कॉलेजात रुजू. प्राचार्यांनी जागा अडवून ठेवली आहे, ती फक्त बाबांच्या शब्दावर. राहिलंय काय? चौथं प्रकरण, आणि मातीच्या चौऱ्याऐंशी नमुन्यांपैकी दहांची मोजणी. किरकोळ.

३ मे, ११.३०
परत झोपलो होतो. पहिल्याच दिवशी शरीरावर ताण नको.

७ मे
सामान बांधायला घेतलं. पसाऱ्यात लिहायला सुचत नाही. रूममेट म्हणाला, आधी लिही, सामान काय पळून जातंय? त्याला प्लॅनिंगमधलं ओ की ठो कळत नाही.

११ मे
बाकीचे शेवटच्या दिवशी ‘काही देणं बाकी नाही’ अशा नो ड्यूजच्या सात सह्यांसाठी धावतात. मी आधीच उरकणार. लॅबपासून सुरुवात. स्टोअरकीपर म्हणाले, कपाट रिकामं दिसल्याशिवाय सही नाही. म्हटलं, हे घ्या! मातीच्या चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी पुड्या मागच्या बागेत उलट्या केल्या. माळीकाका खूश. सही मिळाली. मग लायब्ररी, हॉस्टेल, जिमखाना. एका दिवसात चार सह्या! डिपार्टमेंटमध्ये हा रेकॉर्ड असावा.

१२ मे, सकाळी
अरे देवा. ते दहा.

१२ मे, दुपारी
चमचा घेऊन बागेत बसलो. दहा शेतांची माती एकाच वाफ्यात, वर माळीकाकांनी पाणीही घातलेलं. म्हणाले, उकरू नका साहेब, रोपं दुखावतील. घाबरायचं कारण नाही. डोकं शांत ठेवलं की मार्ग निघतो.

१९ मे
मार्ग निघाला. आजूबाजूच्या नमुन्यांची सरासरी काढून दहा आकडे बसवले. झकास बसले. खरे आकडे तरी याहून वेगळे काय आले असते? आईचा फोन. बाबांनी माझ्या खोलीत नवं टेबल आणून ठेवलंय, रोज पुसतात म्हणे. जेवण गेलं नाही. उन्हाळ्यामुळे असेल.

२४ मे
गाइड मॅडमनी तक्ता पाहिला. विचारलं, एकतीस ते चाळीस नंबरच्या नमुन्यांचे आकडे इतके सारखे कसे? परवा नमुने घेऊन ये, माझ्यासमोर मोजू. मी लगेच हो म्हटलं. आत्मविश्वास दिसला पाहिजे. तळहाताला घाम सुटला होता, पण तो टेबलाखाली होता.

२६ मे, सकाळी
मॅडमना सांगितलं, नमुने हलवावे लागले. म्हणाल्या, कुठे? मी खिडकीतून बाग दाखवली. मग आकड्यांचंही निघालं. मॅडम म्हणाल्या, सहा महिने मुदतवाढ घे, नमुने नव्याने गोळा कर. त्यासाठी आधी त्या चारही सह्या रद्द करून घ्यायच्या. लोक नुसते सह्या मिळवतात, मी रद्दही करून घेणार.

२७ मे
बाबांना फोन केला. म्हटलं, लॅबवाल्यांनी माझे नमुने फेकायला लावले. यात खोटं काय आहे? कपाट रिकामं करा कोण म्हणालं? बाबा भडकले. म्हणाले, तू काळजी करू नकोस, मी बघतो. बापमाणूस! फार हलकं वाटलं.

३१ मे
बाबांचा फोन आला. काल प्राचार्यांकडे गेले होते. टेबलावर हात आपटून म्हणाले, माझ्या पोरावर अन्याय झालाय, सहा महिने जागा ठेवा. प्राचार्य आणि मॅडम एकेकाळचे वर्गमित्र. त्यांनी बाबांसमोरच मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. बाबांनी सगळं ऐकलं. बाग, पुड्या, दहा आकडे. मग प्राचार्यांनी त्यांना पाणी दिलं म्हणे.

मी म्हटलं, बाबा, खरं तर तो स्टोअरकीपरच...

म्हणाले, पुरे. चूक झाली एवढं सांगितलं असतंस, तर हात जोडून सहा महिने मागितले असते मी. आता त्या दारात मला उभं राहता येणार नाही.

जागा गेली. उद्याच दुसरा माणूस रुजू होतोय.

मग आईनं फोन घेतला. विचारलं, तू परवा येतोयस ना रे? मागून बाबांचा आवाज आला, त्याला तिथेच राहू दे.